१७३१ सालचा डबल बास

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे सरसकाका म्हणत. सरस म्हणजे लाकूड चिकटवायचा तो वासाचा गोंद. बत्तीस वर्षं तो उकळून उकळून काकांच्या अंगालाच त्याचा वास लागला होता. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा कायम रिकामी. काकांना वाटायचं, लोक आपल्याला मान देतात.

वाद्याचं वय सांगण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लाकूड हुंगायचे, टिचकी मारायचे, डोळे मिटायचे आणि साल सांगून मोकळे व्हायचे. स्वतःचं वय विचारलं की तेवढं ऐकू यायचं नाही.

एका सकाळी भूगोलाच्या एक निवृत्त बाई आपल्या वडिलांचा डबल बास घेऊन आल्या. हौशी वाद्यवृंदात त्या तोच वाजवत. व्हायोलिनचा हा थोरला भाऊ बाईंपेक्षा हातभर उंच होता. दारातून आत आणताना आधी तो अडकला, मग बाई अडकल्या.

"काका, हा संग्रहालयाला द्यायचाय. जवळजवळ तीनशे वर्षांचा आहे. तुम्ही फक्त दाखला लिहा," बाई म्हणाल्या. "आत चिठ्ठीच आहे, सतराशे एकतीस. बाबा दाखवायचे सगळ्यांना."

काकांनी बास टेबलावर उताणा ठेवला. पोटावरच्या नागमोडी फटीतून दातांच्या डॉक्टरांकडचा दांडीचा आरसा घातला आणि बॅटरी मारली. चिठ्ठी होती. पिवळी पडलेली, आकडाही झोकदार. फक्त एका कोपऱ्यात कपाच्या बुडाचं गोल वर्तुळ होतं.

"बाई, हे बॉलपेनने लिहिलंय."

"कुणीतरी नंतर गिरवलं असेल!"

"आणि कागद चहात बुडवलाय."

"तेव्हा चहा नव्हता का?" बाई भूगोलाच्या असल्या तरी इतिहासातही हार जाणाऱ्या नव्हत्या.

काका इरेला पेटले. पाठीच्या फळीवर हात फिरवल्याशिवाय बोलायचं नाही, असं ठरवून त्यांनी बाही वर केली आणि फटीत हात घातला. हात त्यांचा काटकुळा, सरकन आत गेला. बाहेर मात्र येईना.

"काय झालं?"

"काही नाही, तपासतोय," काका म्हणाले.

दहा मिनिटं तपासल्यावर त्यांनी बायकोला हाक मारली. काकूंची सगळी नोकरी दवाखान्यात पट्ट्या बांधण्यात गेलेली. त्यांनी मनगटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सूज आलीय. हात वर राहिला पाहिजे."

"बास कापू का?" काकांनी विचारलं.

"खबरदार!" बाई किंचाळल्या. "त्यापेक्षा..." आणि त्यांची नजर काकांच्या हातावर गेली. काका घाईघाईने म्हणाले, "नको, नको, सूज उतरेल."

मग दोघींनी मिळून बास आणि काका यांना एकदमच फिरवलं. बास दोन टेबलांच्या मधे पालथा, काका त्याच्याखाली जमिनीवर उताणे आणि हात वर बासच्या पोटात. काकूंनी फटीभोवती पावडर टाकली. ती सगळी काकांच्या तोंडावर पडली. एक गिऱ्हाईक डोकावलं, पांढराफटक माणूस खाली पडलेला बघून "नंतर येतो" म्हणालं, ते आजतागायत आलेलं नाही.

पडल्या पडल्या काकांची बोटं गप्प बसेनात. ती फळीवर फिरत राहिली.

"बाई," खालून आवाज आला, "इथे भोक बुजवलंय. किल्लीचं. आणि कडेला बिजागरीच्या खाचा आहेत, त्याही बुजवलेल्या."

"बासला बिजागरी कशाला असेल?"

"तेच म्हणतोय मी."

अर्ध्या तासाने हात सुटला. काकांनी आधी आरसा घातला, मग तोंड पुसलं. भोकाच्या खाली पेन्सिलने बारीक अक्षरं होती. काकांनी मोठ्याने वाचलं: "आईच्या कपाटाचं डावं दार. तिला सांगू नये." खाली तारीख. बरोबर एकसष्ट वर्षांपूर्वीची.

बाई मटकन स्टुलावर बसल्या. "आजीच्या कपाटाला एका बाजूला पडदाच होता हो!" आणि अशा हसत सुटल्या, की काकूंना पाणी आणावं लागलं.

त्यांनी तिथूनच आत्याला फोन लावला. सत्तरी पार केलेली आत्या सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "दादाने बनवलं? अगं, ते दार मीच लोंबकळून तोडलं आणि लपवलं असं समजून आईने आठवडाभर अबोला धरला होता माझ्याशी! हा शेजारी बसून भात खात होता! थांब, मी येते."

आत्या दुसऱ्या दिवशी काठी टेकत आली. बासला एक प्रदक्षिणा घातली, पाठीवर काठीने दोनदा ठोकलं आणि खुर्ची ओढून बसली. "वाजव."

बाईंनी वाजवलं. खोलीतल्या खिडक्या थरथरल्या. आत्या डोळे मिटून ऐकत होती. काकांना वाटलं, आता रडणार.

"चोर होता," आत्या म्हणाली, "पण हाताला गुण होता मेल्याच्या." मग काकांकडे वळली. "दाखल्यावर लिहा, दार मी तोडलं नव्हतं. आणि खाली सही करा."

काकांनी दाखला लिहिला. वय एकसष्ट, मूळ कपाट, बहीण निर्दोष. संग्रहालयाचा बेत बारगळला. दाखला आत्याने काच लावून घरी टांगला, आणि बास अजून बाईंच्या वाद्यवृंदात वाजतो.