ऑर्व्हिलच्या दगडावरचा आकडा

मी उभ्या आयुष्यात रंगमंचावर राजे केले, दरोडेखोर केले, तीनदा भूतही झालो. पण टाळी घेणारा खरा प्रवेश पाहिला तो आमच्या आयोवातल्या चर्चच्या तळघरात, रविवारच्या कॉफीला.

ऑर्व्हिल ट्वेटन गावच्या धान्यकोठारावर चाळीस वर्षं मक्याच्या ट्रकांचं वजन करायचा. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. आमच्याकडे माणसं जिवंतपणीच आपल्या कबरीचा दगड करून ठेवतात. इतरांच्या दगडांवर ‘प्रिय पती’, ‘लाडके आजोबा’ असतं. ऑर्व्हिलकडे तसं लिहायला काही नव्हतं, म्हणून त्याने आकडा निवडला होता: ४२९४९६७२९७. खाली ओळ, ‘याला कशानेच भाग जात नाही.’

“मूळ संख्या आहे!” तो मला ऐकवत होता. “तीन घे. एक वजा कर, वर्ग कर, एक मिळव. आले पाच! पुन्हा तेच कर. सतरा. मग दोनशे सत्तावन्न, मग पासष्ट हजार पाचशे सदतीस. सगळ्या मूळ. त्यांच्या पुढची ही.”

“पाच भावंडं गुणी निघाली म्हणून सहावं निघेलच का रे?” शेजारच्या लव्हॉन स्कारने विचारलं. ही निवृत्त पोस्टवाली, त्याच्याच गल्लीत राहणारी.

“भागून पाहिलंय, बाई. अख्खा हिवाळा. सहाशे एकतीसपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी.”

“तिथेच का थांबलास?”

“माझ्या घराचा नंबर तो. कुठेतरी थांबायला नको?”

“म्हणजे स्वतःच्या दारापर्यंत आलास आणि आत जाऊन झोपलास!” तिने प्रार्थनेचा कागद उलटा केला, पेन्सिल काढली. “पुढची मूळ संख्या माझ्या दारावर आहे. सहाशे एक्केचाळीस.”

“कर, कर. दगडवाला गुरुवारी कोरायला घेणार आहे, तोवर होईल तुझं.”

कॉफी निवायच्या आत झालं. बाकी शून्य. तिने कागद त्याच्यापुढे सरकवला. ऑर्व्हिलने दोनदा पडताळून पाहिलं आणि हळूच चष्मा काढला.

त्याचा चेहरा पाहून लव्हॉन वरमली. “फाडून टाकते. गुरुवारी तुझंच कोरून घे. कोण भागायला बसणार आहे?”

“मला माहीत राहील ना!” असं म्हणून त्याने कागद घडी करून खिशात घातला.

पुढच्या महिन्यात दगड बसला. आकडा तोच, पण खालची ओळ बदललेली: ६४१ × ६७००४१७.

लव्हॉन कमरेवर हात ठेवून उभी. “अरे, माझा पत्ता घातलास दगडावर! उद्या लोक तुझी फुलं माझ्या दारात आणून टाकतील.”

“लोकांचं कशाला? मीच आणतो म्हटलं, शनिवारी.”

तिने दगडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“फुलं राहू दे,” ती म्हणाली, “गवत कापायचं यंत्र घेऊन ये.”