मनी आणि सासूबाईंच्या गोळ्या

मंडळी, दुपारपासून मी कसल्याशा तंद्रीतच आहे, म्हणून ग्रुपवर लिहायला बसले.

आमच्या मांजरीची, मनीची, कानामागची जखम महिनाभर भरत नव्हती. आज द्वारका चौकाजवळच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या जखमेच्या तपासणीचा रिपोर्ट दाखवला. बहुतेक अँटिबायोटिक्स तिच्या जखमेतल्या जंतूंवर चालतच नाहीत. ही औषधं अर्धवट किंवा मनानेच दिली की जंतू असे निगरगट्ट होतात, असं ते म्हणाले.

"घरात आणखी कुणाला जखम आहे का?" त्यांनी विचारलं.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, मधुमेह आहे. त्यांच्या पायाची जखमही चिघळली आहे, आणि मनी रोज त्यांच्याच पायाशी झोपते.

"मग त्यांचीही तपासणी करा. हे जंतू एकमेकांकडे जाऊ शकतात."

घरी आले तेव्हा मऊ उन्हात दोघी गाढ झोपल्या होत्या. मनीची गुरगुर आणि आईंचा श्वास एकाच लयीत चालला होता. मी कितीतरी वेळ बघत राहिले. मग हळूच मनीला उचललं.

आई जाग्या झाल्या. मी सगळं सांगितलं.

"माझ्यामुळे झालं का गं तिला?"

"माहीत नाही, आई. पण तुमच्या पायासाठीच्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या मी तिला दुधातून देत होते."

"तेव्हा बरं वाटलं म्हणून मीच अर्ध्यावर सोडल्या होत्या त्या."

तुमच्या घरात आहेत का अशा उरलेल्या गोळ्या?