अक्का लिहिते, सासवा बोलतात

मालिकेच्या शूटिंगला गेलात तर एक गोष्ट लक्षात येईल. मालिका पडद्यावर जेवढी घडते, त्याच्या चौपट ती चहाच्या किटलीभोवती घडते! माझा हुमनाबादला फोटो स्टुडिओ आहे. लग्न-मुंजी काढता काढता मी या मालिकेचा कॅमेरामन झालो आणि तेव्हापासून डोक्यात नुसते किस्से साचलेत. कुणी भेटलं की एक सांगायला जातो, मागून तीन येतात.

आमची मालिका मोबाइलवर, आमच्याच चॅनेलवर लागते. शूटिंग हळ्ळीखेडला, एका शेतकऱ्याच्या घरात. पैसे लावणारे बसवराजअण्णा, त्यांचं साड्यांचं दुकान. लिहायला दोन पोरं आहेत, पण मुख्य लेखिका म्हणजे अक्का. रिटायर्ड मराठीच्या बाई. त्यांच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय मालिकेत कुणी जांभईसुद्धा देत नाही!

* * *

लक्ष्मी ही आमची हिरॉइन. कागदावर ती आधी अगदी गरीब गाय होती. ऑडिशनला अकरा मुली आल्या आणि अकराही जणी रडून दाखवायच्या तयारीने आल्या.

अक्का सगळ्यांना एकच विचारायच्या, "भाजी करपली आणि नवरा दारात आलाय. काय करशील?"

कुणी माफी मागितली, कुणी पदर डोळ्याला लावला. सुरेखा ऑडिशनला आलीच नव्हती. ती ब्लाउज शिवते, कपड्यांची पिशवी द्यायला आली होती. अक्कांनी सहज तिलाही विचारलं.

ती म्हणाली, "त्यालाच इचारीन की, वास आला न्हाई का? येता येता गॅस बंद करायला काय झालं तुमाला!"

अक्कांनी तिथल्या तिथे तेरा भागांचे कागद फाडले आणि म्हणाल्या, "लक्ष्मी नव्याने लिहायची. ही सापडली."

सुरेखाच्या घरून परवानगी मिळवणं मात्र सोपं नव्हतं. घरात सासूचा शब्द चालतो. शांताबाई. सुरेखा त्यांना आत्या म्हणते. त्यांनी तीन अटी घातल्या. डोक्यावर पदर, दिवे लागायच्या आत घरी, आणि "अभद्र कायबी करायचं न्हाई. केलीस की त्या दिशीच बंद!" शिलाई मशीनपुढे दहा वर्षं मान खाली घालून बसलेली सुरेखा पहिल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर मान वर करून उभी राहिली, तेव्हाच मला कळलं की यातली एकही अट मोडून चालणार नाही. या पोरीकडे स्वतःचं म्हणावं असं हे एकच होतं.

* * *

अक्कांचा एक कायदा आहे. प्रत्येक नटीने महिन्यातून एकदाच रडायचं. बाकी सगळं दुःख काम करता करता सांगायचं!

माहेरची वाईट बातमी येते असा सीन होता. अण्णांनी हौसेने ग्लिसरीन आणलं. अक्कांनी ती बाटली पिशवीत टाकली आणि सुरेखापुढे सूप भरून तुरीची डाळ ठेवली. "खडे निवडत बोल."

सीन अप्रतिम झाला, पण पहिल्या टेकला आवाज बिघडला, दुसऱ्याला मागून लॉरीचा हॉर्न. पाचव्या टेकपर्यंत डाळीत एक खडा शिल्लक राहिला नाही. अक्का म्हणाल्या, "खडे परत मिसळा!"

कोपऱ्यात काशीबाई बसल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, "थांबा, मिसळू नगा. अजून चार टेक असतील तर माझ्या घरची बी डाळ आनते!"

* * *

या काशीबाई म्हणजे मालिकेतल्या लक्ष्मीच्या सासू. कमलनगरकडच्या मेंढपाळाच्या घरातल्या. आता शेती करतात. वाचता येत नाही, पण पाठ मात्र ताठ आणि नजर अशी की समोरचा आपोआप पायातली चप्पल बाहेर काढून येतो.

पहिल्या दिवशी लिहिणाऱ्या पोराने त्यांना दोन पानी डायलॉग वाचून दाखवला. सून उंबऱ्यावर उभी आहे आणि सासू तिला घराण्याचा इतिहास सांगते असा. काशीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे समदं म्या बोलायचं?"

"व्हय."

"येवडं बोलस्तोवर सून माहेराला जाऊन जेवून माघारी येईल की रे!"

अक्का इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. त्या दिवसापासून काशीबाईंना डायलॉग देणं बंद. अक्का त्यांना फक्त अडचण सांगतात. "तुमच्या दारात हे असं झालंय. तुम्ही काय कराल?" पुढचं काशीबाई बघून घेतात आणि अक्का मागाहून ते लिहून काढतात. लेखकाने नटीचं ऐकून लिहायचं, हे मी इथेच पाहिलं.

* * *

आमच्या सीमाभागात घरोघरी दोन-तीन भाषा. अक्कांनी ठरवलं की मालिकेतली सासू लाड मराठीत करेल आणि रागावेल कानडीत. काशीबाईंचं घरीही तसंच चालतं.

पंधरा दिवसांत कलबुर्गीकडून कमेंट आल्या, "कानडी फक्त शिव्या द्यायलाच का?" अक्कांना पटलं. त्यांनी उलटं केलं. लाड कानडीत, राग मराठीत. आता उदगीरकडचे मराठीवाले चिडले! अण्णा घाबरून म्हणाले, "अक्का, व्ह्यूज जायलेत. कायतरी करा."

अक्कांनी केलं. पुढचा सगळा आठवडा सासूचा सुनेशी अबोला! काशीबाई नुसत्या बघत होत्या. भाकरी थापताना बघत, पाणी देताना बघत. सगळ्यात जास्त कमेंट त्याच आठवड्यात आल्या.

* * *

अण्णा तसे दिलदार. पण त्यांना वाटायचं, लक्ष्मीने चुलीपुढेही रोज दुकानातली नवी साडी नेसावी. अक्का म्हणायच्या, "सारवण करणारी बाई जरीकाठ नेसत नाही." अण्णा ऐकेनात.

अक्कांनी वाद घातला नाही. पुढच्या भागात एक छोटा सीन लिहिला. लक्ष्मी नवी साडी बादलीत भिजवते, पाणी लालभडक होतं आणि शेजारीण विचारते, "अगं, कोणत्या दुकानातली म्हनायची ही?"

अण्णा कागद घेऊन धावत आले. "अक्का! उद्यापासून जुनी साडी चालंल!"

"नक्की?"

"फाटकी बी चालंल!"

* * *

मग एक दिवस लक्ष्मीच्या नवऱ्याला पुण्यात नोकरी लागली. म्हणजे ते काम करणाऱ्या मुलाला. तो रविवारी पेढे देऊन गेला तो गेलाच.

अण्णा म्हणाले, "हैदराबादला पाठवून देऊ."

"तीन तासांवर हैदराबाद. बायको भेटायला का जात नाही म्हणून लोक विचारतील."

"मग दुबई?"

"फोन करेल की. फोनवर कोण बोलणार, तुम्ही?"

नवऱ्याला मारण्यावाचून इलाज राहिला नाही. ही बातमी सुरेखाच्या घरी पोचली आणि दुसऱ्या दिवशी सुरेखा आलीच नाही.

अक्कांबरोबर मी तिच्या घरी गेलो. शांताबाई दारातच उभ्या. त्यांचा मुलगा, म्हणजे सुरेखाचा खरा नवरा, लॉरी चालवतो. "माझा ल्योक रोज हायवेवर जायलाय," त्या म्हणाल्या. "आन् हिनं तिथं कपाळ पुसून बसायचं? अभद्र न्हाई म्हनलं होतं म्या. बास झालं हे नाटक."

आत मशीनचा आवाज थांबला. सुरेखा बाहेर आली नाही, पण ती ऐकत होती हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

अक्का म्हणाल्या, "शांताबाई, तिचं कुंकू पुसायचं की नाही, ते मी अजून लिहिलेलंच नाही. तुम्ही स्वतः येऊन समोर बसा. नको वाटलं तर तिथंच थांबवा. मग मी पुन्हा सुरेखाला बोलवायला येणार नाही."

"थांबवनारच!" शांताबाई म्हणाल्या.

परत येताना मी त्या सीनचं पान बघायला मागितलं. वर एकच ओळ होती, 'तीन बायका बांगड्या फोडायला येतात.' खाली सगळं कोरं. इतक्या वर्षांत अक्कांच्या हातचं कोरं पान मी पहिल्यांदाच पाहिलं आणि खरं सांगतो, मला भीती वाटली.

शूटिंगच्या दिवशी शांताबाई माझ्या ट्रायपॉडशेजारी बसल्या. पांढरं कपाळ, मोकळे हात. ऐन तिशीत नवरा गेलेला, हे गावात सगळ्यांना माहीत. सुरेखा भिंतीला टेकून बसली. काशीबाईंना नेहमीप्रमाणे फक्त अडचण सांगितलेली होती.

तिघी बायका आल्या. एकीने सुरेखाचं मनगट धरलं.

काशीबाई हलायच्या आत माझ्या फ्रेममध्ये कुणीतरी घुसलं. शांताबाई! त्यांनी त्या बाईचा हात झटकला आणि सुरेखाची दोन्ही मनगटं स्वतःच्या पोटाशी घट्ट धरली.

"सोड! सोड म्हनते न्हवं! माझ्या टायमाला कुनी आडवं आलं न्हाई. म्हनून काय हिच्या बी फोडताव?"

अण्णा 'कट' म्हणायला तोंड उघडत होते. अक्कांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

काशीबाईंनी आपल्या घरात अचानक उगवलेल्या या बाईकडे एकदा पाहिलं. डोळ्याची पापणीही हलली नाही. मग त्या तिघींकडे वळून म्हणाल्या, "ऐकलाव न्हवं? या घरात हिचं चालतं. जावा."

सुरेखाचं त्या महिन्याचं रडणं आधीच होऊन गेलं होतं. तरी ती रडली आणि अक्कांनी तिला रडू दिलं.

रिटेक झाला नाही. तो भाग तसाच गेला. त्याच संध्याकाळी अक्कांनी नवं पात्र लिहिलं, लक्ष्मीची चुलतसासू. सुरेखाच्या हातून निरोप धाडला की बुधवारी दोघींनीही या.

बुधवारी सकाळी ऑटो आला. आधी सुरेखा उतरली, मागून शांताबाई. शांताबाईंच्या दोन्ही हातांत मनगटभर हिरव्या बांगड्या.

माझ्या हातातली लेन्स तशीच राहिली. अण्णांचा चहा तसाच राहिला. शांताबाई सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"काय बगायलास रे लेकरा? कॅमेऱ्यापुढं मोकळ्या हातानं यावं व्हय!"