मोज्यातला पंप

प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. पेटी नवी कोरी. बँडेज, कात्री, स्प्रे, ग्लुकोज, सगळं यादीप्रमाणे. वाघोलीच्या एका शाळेत खो-खोचे सामने होते, म्हणून प्रशिक्षक या नात्यानं आमच्या शाळेच्या संघातल्या मुलींना घेऊन हडपसरहून गेले होते. माझा नियम जुना होता: मैदानावर फक्त मुलगी उतरेल, बाकी सगळं बॅगेत आणि बॅगा बसमध्ये. पूर्वी मैदानावरून दोन मोबाइल गेले, तेव्हा पालकांना तोंड मलाच द्यावं लागलं होतं.

दुसऱ्या डावात आमची एक मुलगी पळता पळता खांबापाशी थांबली, ती वाकूनच. श्वासाला शिट्टीसारखा आवाज.

"पंप बॅगेत आहे," ती कसंबसं म्हणाली.

दम्याचा पंप. निवडीच्या वेळी भरलेल्या तिच्या फॉर्मवर 'आजार'समोर स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहिलेलं होतं.

ड्रायव्हरला फोन लावला. "मॅडम, इथं गाडी उभी करू देईनात, म्हणून पुढं काढली. आता नगर रोडला अडकलोय. वीसेक मिनिटं धरा."

यजमान शाळेचे सर धावत आले. "आडवी करा हो तिला, पाय वर घ्या."

"आडवं अजिबात करायचं नाही. सर, आपण अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करा."

"तीपण नगर रोडवरूनच येणार," ते म्हणाले, पण लावला.

तिला खुर्चीत पुढे झुकवून बसवलं. कॉलरची बटणं काढली, भोवतीची गर्दी हटवली. शिकवलेलं सगळं करून झालं, तरी ओठ निळसर दिसायला लागले. पेटी उघडी पडली होती आणि तिच्यात कामाचं काही नव्हतं. मी माइक ओढून घेतला. "कोणाकडे दम्याचा पंप आहे का?"

आमचीच कॅप्टन पुढे आली. वाकून तिनं मोज्यातून निळा पंप काढला. "मॅडम, नंतर ओरडा."

"दे इकडे."

चार-पाच मिनिटांत शिट्टी कमी झाली. ओठांवर रंग आला. अ‍ॅम्ब्युलन्सच्या आधी तिची आई पोचली, माझा फोन मिळताच जवळच्या खराडीतल्या कामावरून स्कूटरनं निघाली होती म्हणून. अ‍ॅम्ब्युलन्स आल्यावर दोघींना तिच्यात बसवताना मुलीनं विचारलं, "आता मला टीममधून काढणार ना?"

"खोटं का लिहिलंस फॉर्मवर?"

उत्तर कॅप्टननं दिलं. "तुम्हीच म्हणाला होतात ना, दम लागणाऱ्या मुली मला नकोत."

म्हणाले होते. निवडीच्या दिवशी, सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

"काढणार नाही," मी त्या मुलीला म्हटलं. "पण पंप यापुढे माझ्या खिशात."

परतीच्या बसमध्ये मी कोरे कागद वाटले. खरं लिहा म्हटलं, संघ बदलणार नाही. कॅप्टनच्या कागदावर दमा होता. आणखी एकीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: कधी कधी फिट येते. हडपसर येईपर्यंत मला काही बसवलं नाही. दांडा धरून मी फिट येणाऱ्या त्या मुलीच्या सीटपाशी उभी राहिले.