थोरलीची बालवाडी

आमच्या कॉलनीच्या मागेच मुलुंडचा डोंगर सुरू व्हायचा. शेवटच्या इमारतीपासून पायवाटेनं दहा मिनिटं चाललं की वारल्यांचा पाडा लागे. पंचवीस-तीस कुडाची घरं, मधे एक मोकळं अंगण, अंगणात चिंच. आम्ही सगळे ऐंशी सालानंतर तिथे राहायला आलेले, कोणी लालबागच्या चाळीतून, कोणी थेट गावाहून. पाड्यातली माणसं आमच्या कितीतरी आधीपासून तिथे होती, तरी आम्ही त्यांना ‘डोंगरावरचे’ म्हणायचो.

त्यांच्यातली एक बाई माझ्याकडे लाकडाची मोळी आणि पावसाळ्यात रानभाजी विकायला यायची. चाळिशीची असेल. पाड्यावर तिला लहानमोठे सगळे थोरली म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. ती मला बाय म्हणायची आणि सरळ अगं-तुगं करायची. तिच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच. सुरुवातीला मला ते खटकलं, मग सवय झाली.

एकदा तिच्याबरोबर नातू आला होता, चार-पाच वर्षांचा. मी विचारलं, याला शाळेत का नाही घातलं? ती म्हणाली, याच्या मोठ्या भावाला घातलं होतं. तिकडे तो काही बोलला की पोरं हसायची, बाईंना त्याचं बोलणं कळायचं नाही, शेवटी तो जायचाच थांबला. हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. सांगता सांगता मोळीची दोरी सोडत होती.

लग्नाआधी मी रत्नागिरीकडे दोन वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं. मुंबईला आले आणि ते सुटलं, त्याची चुटपुट मनात होती. आमच्या महिला मंडळात तेव्हा हळदीकुंकू आणि पाककृतींपलीकडे काही नव्हतं. मी विषय काढला, की पाड्यावरच्या मुलांसाठी बालवाडी काढू, म्हणजे पहिलीत जाईपर्यंत ती तयार होतील. सगळ्यांना पटलं. पुढाकार माझा, म्हणून बालवाडीची प्रमुखही मलाच केलं. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं होतं.

पहिल्या आठवड्यात एकही मूल आलं नाही. आम्ही दोघी-तिघी चिंचेखाली सतरंजी पसरून, भिंतीवर टांगायचे तक्ते घेऊन बसायचो आणि मुलं घरांच्या आडून आमच्याकडे बघत राहायची. जवळ गेलं की पळायची. सहाव्या-सातव्या दिवशी थोरली आली, सतरंजीच्या कडेला बसली आणि कोणाकडेही न बघता त्यांच्या बोलीत काहीतरी गोष्ट सांगू लागली. मला त्यातलं निम्मंच कळलं. एक ससा होता आणि तो कोणाला तरी फसवत होता. अर्ध्या तासात सतरंजीवर चौदा मुलं होती.

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. सकाळची मोळी विकून झाली की घरोघरी जाऊन मुलांना गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, रडणाऱ्याला मांडीवर घ्यायची. मी बोलायचे ते ती त्यांच्या बोलीत सांगायची आणि मुलं बोलायची ते मला.

माझ्या तक्त्यावर द द्राक्षाचा होता आणि ख खटाऱ्याचा. मुलांनी द्राक्ष पाहिलेलं नव्हतं. थोरली दोन-तीन दिवस बघत राहिली, मग तिनं विचारलं, “बाय, हा कंचा आवाज?” मी म्हटलं क. दुसऱ्या दिवशी ती ओच्यातून कोरल या रानभाजीची पानं घेऊन आली. प्रत्येक मुलाच्या हातात एकेक पान दिलं आणि क म्हणायला लावलं. मग टाकळा आला, पळस आला, मोहाचं फूल आलं. ब साठी तिनं बिब्बा आणला, आणि तो उतला तर कातडी कशी भाजते तेही मुलांना सांगितलं. दोन वर्षं शाळेत शिकवताना मला जे सुचलं नव्हतं ते ही अक्षरओळख नसलेली बाई करत होती. घरी गेल्यावर मी यजमानांना कौतुकानं सांगायचे. पण कसं सांगायचे, तर “आम्ही असं करतो” म्हणून.

वर्षभर बालवाडी छान चालली. पाच मुलं शाळेत पहिलीत बसली आणि टिकली.

मग शहरातल्या एका संस्थेनं आम्हाला मदत द्यायचं कबूल केलं. मुलांना रोज सुकडीचा खाऊ मिळणार होता आणि एका शिक्षिकेला मानधन. शिक्षिकेचं नाव आम्ही सुचवायचं होतं. त्यासाठीचा छापील अर्ज माझ्याकडे आला. मंडळाची बैठक माझ्याच घरी भरली.

आमच्यात एक निवृत्त नर्स होती, जवळच्या जुन्या गावठाणातली ख्रिस्ती बाई. आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणायचो. ती फार बोलायची नाही, पण बोलायची ते तोंडावर. तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, “शिकवते कोण? थोरली शिकवते. तिचं नाव घाल, विषय संपला.”

मी म्हटलं, तिला सही येत नाही. अर्जात शिक्षण विचारलंय.

ते खरं होतं. पण अर्जात शिक्षण या शब्दापुढे ‘किंवा कामाचा अनुभव’ असंही छापलेलं होतं. मी ते सकाळीच वाचलं होतं. अर्ज माझ्या मांडीवर होता, कोणी मागितला नाही आणि मी कोणाला दिला नाही. कॉलनीतली एक मुलगी नुकतीच मॅट्रिक झाली होती, अक्षर सुरेख, स्वभाव गोड. तिचं नाव मी सुचवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी एवढंच म्हणाली की तुम्ही बघा काय ते.

मी तसं का केलं, याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं वेगवेगळं देत आले. संस्थेचे लोक काय म्हणतील, सुकडीचा हिशेब कोण लिहील, असं. खरं उत्तर असं की थोरली शिक्षिका झाली असती तर मी तिथे कोण उरले असते, ते मला समजत नव्हतं.

थोरलीला मीच सांगितलं. म्हटलं, आता एक ताई येईल शिकवायला, तू मदतनीस म्हणून राहा. तिनं विचारलं, मदतनीस म्हणजे काय करायचं? मी म्हटलं, मुलांना आणायचं, बसवायचं, पाणी द्यायचं. ती बरं म्हणाली आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून पाण्याची कळशी घेऊन मागे बसू लागली. नव्या ताईनं तक्ते पुन्हा टांगले. पानंफुलं आणायचं थोरलीनं आपणहून बंद केलं. मला ते दिसत होतं. मी विचारलं नाही.

दोनेक महिन्यांनी संस्थेचे पाहुणे बालवाडी बघायला आले. आम्ही चिंचेखाली रांगोळी काढली होती, मुलांना कॉलनीतून गोळा केलेले कपडे घातले होते, एक गाणं बसवलं होतं. गाणं बरं झालं. मग एका पाहुण्यानं तक्त्यावरच्या कोंबड्याच्या चित्रावर बोट ठेवून थोरलीच्या नातवाला विचारलं, हे काय रे? त्यानं लगेच उत्तर दिलं, मोठ्यानं, त्यांच्या बोलीत. नुसतं नावच नाही, तो कोंबडा कोणाचा आणि काल तो कुठे पळाला होता हेही तो सांगू लागला. पाहुणे हसले. वाईट हसू नव्हतं ते, पण हसले.

आणि मी त्याला म्हटलं, “असं नाही. नीट बोल. कोंबडा म्हण.”

त्यानं कोंबडा म्हटलं नाही, दुसरंही काही म्हटलं नाही. थोरली मागून उठली, कळशी तशीच राहू दिली, त्याचा हात धरला आणि घराकडे चालू लागली. पाहुण्यांना वाटलं, मुलाला शू लागली असेल. मीही त्यांना तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नऊ मुलं आली, त्याच्या पुढच्या आठवड्यात चार. नवी ताई बिचारी घरोघर हाका मारत फिरायची आणि मुलं पहिल्यासारखी आडोशाला लपायची. मी समजूत काढायला थोरलीच्या घरी गेले. तिनं मला ओटीवर बसवलं, कोरा चहा दिला. मी म्हटलं, मुलं येईनात, तू ये ना परत. मुलाला मी रागानं बोलले नव्हते. पाहुणे होते म्हणून बोलून गेले.

ती म्हणाली, “त्याचा नाय राग मला.”

मी विचारलं, मग कशाचा?

“मावशीनं सांगितलं मला. तू तिला बोललीस, हिला सही येत नाय. वरीसभर मी तुझ्याजवळ बसले, बाय. सही कराया किती दिस लागतात?”

मुलांना मी क शिकवला, ट शिकवला, पाटीवर हात धरून गिरवून घेतला. ती शेजारी बसून प्रत्येक आवाज विचारत होती, आणि तिच्या हातात पेन्सिल द्यावी असं माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. आठ दिवसांत आली असती तिला सही. मी चहा संपवला, कप विसळून ठेवते म्हटलं तर तिनं तो हातातून काढून घेतला.

चार दिवस मी घरात नुसती चिडचिड केली. मग एक पाटी आणि पेन्सिलीचा डबा विकत घेतला आणि पाड्यावर गेले. काय बोलायचं ते ठरवलं होतं. थोरलीच्या दाराला काटक्यांचा झाप लावलेला होता. शेजारणीनं सांगितलं, सगळं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलं, आता पावसाच्या तोंडावर येतील. नातूही गेला होता. पाटी मी शेजारणीच्या मुलीला दिली.

बालवाडी त्या उन्हाळ्यात बंद पडली. संस्थेला मी पत्र लिहिलं की मुलांचे पालक कामासाठी स्थलांतर करतात, त्यामुळे पट टिकत नाही. पत्रातलं वाक्य खोटं नव्हतं. मॅट्रिकच्या मुलीला घाटकोपरला एका दुकानात नोकरी लागली.

थोरली पावसाआधी परत आली, पण आमच्या कॉलनीत मोळी घेऊन आली नाही. मला ती पुढच्या वर्षी स्टेशनबाहेरच्या बाजारात दिसली, करटोल्यांचे वाटे लावून बसलेली. मी समोर उभी राहिले. तिनं ओळखलं, हसलीसुद्धा.

“घ्या ताई, ताजी आहेत,” ती म्हणाली. “तुम्हाला किती देऊ?”

बाजारात राहून ती तसं बोलायला शिकली असेल. मी नातवाची चौकशी केली. तो भट्टीवर कच्च्या विटा उलटायला जातो म्हणाली, चपळ आहे. मी दोन वाटे घेतले. माफ कर म्हणायला आलेले शब्द तिथेच राहिले, कारण माझ्या मागे दोन बायका उभ्या होत्या आणि तिला धंदा करायचा होता. निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी यजमानांची बदली झाली आणि आम्ही मुलुंड सोडलं. मंडळानं निरोपाचा कार्यक्रम ठेवला. अध्यक्षबाईंनी भाषण केलं, आदिवासी मुलांसाठी मी किती झिजले, ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही. शाल दिली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. मावशी दुसऱ्या रांगेत बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, सगळ्यांचे आभार मानले, मुलं किती गोड होती ते सांगितलं. पाचजण शाळेत टिकले तेही सांगितलं. थोरलीबद्दल मी काहीच बोलले नाही. मग बटाटेवडे आणि चहा आला, आणि बायका नव्या जागेची चौकशी करू लागल्या.