बंद खानावळीचं पाण्याचं बिल

मंगळवारी हाफ डे टाकून पाणी खात्याच्या ऑफिसात गेले होते. लालबागच्या चाळीतली आमची खानावळ पाच वर्षं बंद आहे, पण बिल येतंच आहे... पाण्याचं, वर सांडपाण्याचं, तेही धंद्याच्या दराने. जिथे कोणी साधा हात धूत नाही तिथलं सांडपाणी कसलं, डोंबलाचं? म्हटलं आता बास, कनेक्शनच तोडून टाकायचं.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज घ्यायच्या आधी रेकॉर्ड बघितलं. दुकान बंद म्हणताय, पण मीटर तर प्रत्येक रीडिंगला पुढे सरकलेला आहे, म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. शेजारचा चहावाला आमच्या लाइनवरून पाणी मारतोय, याची मला शंभर टक्के खात्री झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी तडक दुकानावर गेले... आज रंगेहाथ पकडतेच!

शटर अर्धं वर होतं. आत बाबा होते. वय ब्याऐंशी, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, आणि लादी धूत होते.

रोज सकाळी फिरायला म्हणून चिंचपोकळीहून निघतात ते इथे येतात. गिऱ्हाइकाने अर्धा पेला पाणी टाकलं तरी चार शब्द ऐकवणारा हा माणूस... आणि आता बादल्याच्या बादल्या मोरीत ओततोय. मी नको नको ते बोलले त्यांना.

त्यांनी बादली खाली ठेवली आणि कारण सांगितलं. चाळ रिडेव्हलपमेंटला जाईल तेव्हा नवा गाळा मिळवायला नुसती बिलं दाखवून भागणार नाही, वापर दिसला पाहिजे, असं त्यांना कोणीतरी सांगितलंय. नळ उगाच सोडून ठेवायला जीव होत नाही, म्हणून निदान लादी धुतात.

"मीटर थांबलो तर उद्या म्हणतले, हय कोण नव्हतोच," वर म्हणाले.

आता खरं काय ते सांगते. बिल्डर कधीच हात वर करून गेलाय आणि दुसरा कोणी यायला तयार नाही. चाळ कमिटीने गेल्या महिन्यात मला फोन करून हे सांगितलं... बाबांना सांगायची माझी हिंमत नाही. अख्खं आयुष्य त्या गाळ्यात भाकऱ्या वाढण्यात गेलं त्यांचं.

पर्समधला अर्ज पर्समध्येच राहिला.

"इलंस तां बरा झाला," बाबा म्हणाले. "ही बादली ओत, माका आता उचलाक जमणा नाय."

मी ओढणी खोचली आणि बादली ओतली. मग दुसरी भरायला लावली. नळ सुटला तसा मीटरचा काटा गरगर फिरायला लागला... आणि तो फिरताना बघून मलासुद्धा बरं वाटलं. त्याचंच जास्त वाईट वाटतंय.