मालनची मडकी

माझा नातू शनिवारी मित्रांबरोबर स्वस्तातली बियर पितो आणि रविवारी दुपारपर्यंत कपाळाला बाम चोळून पालथा पडतो. घरात मोठ्याने बोलायचं नाही, टीव्ही लावायचा नाही, साहेबांना कुकरची शिट्टीसुद्धा सहन होत नाही. परवा मला म्हणाला, आजी, महागातली प्यायलो तर काही होत नाही, हीच बरी डोकं धरते. त्याच्या कुठल्याशा मित्राने त्याला सांगितलंय की हिच्यात ग्लिसरीन असतं, पिण्याआधी बाटली पाण्यात उलटी धरली की ते निघून जातं. मी म्हटलं, बाटली उलटी धरून काय होणार आहे कपाळ, मडकं उलटं धरायला हवं होतं. त्याला कळणार कुठून? त्याने मालनला पाहिलंय कुठे?

मी लग्न होऊन साकीनाक्याला आले ती चोपन्न-पंचावन्न सालची गोष्ट. आताचा साकीनाका डोळ्यांपुढे आणू नका. तेव्हा अंधेरीकडून एक रस्ता यायचा आणि कुर्ल्याकडे निघून जायचा. कडेला दोन-चार वर्कशॉपांचे पत्रे, मागे टेकडी आणि टेकडीच्या पायथ्याशी ताडाची झाडं. वारा सुटला की त्यांची वाळकी पानं अशी खडखडायची, की मला वाटायचं कोणीतरी छपरावर तांदूळ ओततंय. त्या झाडांना लागूनच आमची बैठी चाळ होती. आमचे हे, म्हणजे दत्ताराम, कुर्ल्याच्या गिरणीत होते. तेव्हा मी नाव घेत नसे, आता घेते, रागवायला ते आहेत कुठे?

आमच्या भिंतीला भिंत लावून काशीराम राहायचा. मालवणकडचा भंडारी, बापजाद्यांपासून झाडावर चढणारा. कमरेला कोयता, पायात दोरीचं कडं, आणि मान सदा वर. जमिनीवर चालतानाही तो वरच बघायचा आणि दगडांना ठेचकाळायचा. घरात त्याची आई जानकी आणि बायको मालन. मालन माझ्याहून थोडी मोठी, काळीसावळी, हाडापेराने मजबूत आणि बोलायला अगदी कमी. मी सदा तोंडाळ. आमचं जमलं ते म्हणूनच असेल.

तेव्हा दारूबंदी होती. ताडी विकणं गुन्हा आणि नीरा विकणं समाजसेवा. झाड तेच, रस तोच. मडक्याला आतून चुना लावला की रस गोड राहतो, ती नीरा. चुना नाही लावला तर उन्हं वर येईपर्यंत रस फसफसतो, ती ताडी. काशीरामकडे नीरेचा परवाना होता आणि त्याची नीरा अंधेरी स्टेशनाबाहेरच्या केंद्रावर जायची. पण चार मडकी बिनचुन्याची राहायची, ती रविवारी मागच्या दारी उघडायची. आमचे हे तिथले मानकरी. मी काही दारूची बाजू घेत नाही. मी तेव्हाही कटकट करायचे, आजही करते. पण खरं ते खरं, काशीरामची ताडी प्यायलेला माणूस सोमवारी उठून कामावर जायचा. टेकडीपलीकडे आणखी दोन गुत्ते होते. तिथे बसलेले सोमवारी ओला पंचा डोक्याला बांधून ओटीवर कण्हत पडायचे. सगळ्या नाक्यावर नाव होतं, काशीरामच्या ताडीने डोकं धरत नाही. काशीराम मिशीला पीळ देऊन म्हणायचा, हाताचा गुण आहे. माणसं माना डोलवायची.

मालन काय करायची ते मी रोज बघत होते. उतरवलेली मडकी ती विहिरीवर घेऊन बसायची. राख आणि काथ्या घेऊन एकेक मडकं आतून घासायची, मग कढत पाण्याने विसळायची. मग कुंपणाच्या खुंटांवर पालथी घालून उन्हात कडक वाळवायची, आणि संध्याकाळी नारळाची सोडणं पेटवून त्यांना धुरी द्यायची. एवढं झाल्यावर मडकं नाकाशी धरायची. जरा जरी आंबूस वास आला तरी स्वतःशीच म्हणायची, परत. आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू. हात सोलून निघाले होते तिचे. दुसरी गोष्ट म्हणजे रविवारी उरलेली ताडी ती मोरीत ओतून द्यायची. कालचं आजच्यात कालवायचं नाही, हा तिचा नेम. सासूचा त्यावरून जळफळाट व्हायचा.

पण जानकीचा खरा राग वेगळा होता. लग्नाला सात वर्षं होऊन गेली आणि मालनला मूल नव्हतं. उठता बसता तेच. मालन पाणी भरायला निघाली तरी तेच, जेवायला बसली तरी तेच. काशीराम ऐकायचा आणि वर बघायचा. त्या वर्षी शिमगा झाल्यावर मालनचा भाऊ धोंडू मुंबईला आला होता, तर जानकीने तिला त्याच्याबरोबर बोटीत बसवून दिलं. जरा माहेरी जाऊन हवा बदलून येऊ दे, असं वरवर सांगितलं. आतली गोष्ट सगळ्या चाळीला ठाऊक होती. पाऊस लागून बोटी बंद व्हायच्या आत काशीरामने गावी जायचं, चार माणसांपुढे काडीमोड घ्यायचा आणि दुसरी करून आणायची. मुलगी बघून झाली होती. मालनलाही ते ठाऊक होतं. जाताना तिने मला दोन मडकी आणून दिली, धुतलेली, धुरी दिलेली, तोंडाला फडकं बांधलेली. म्हणाली, आंबे स्वस्त झाले की खारात घाल. मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती रडली नाही, मडकी नीट ठेव एवढंच म्हणाली.

ती गेली आणि पंधरवड्यात नाक्याची वाट लागली. सोमवारी आमचे हे उठेनात. डोळे लाल, डोक्यात घण पडताहेत म्हणे. गिरणीतली पाळी चुकली. मी म्हटलं जास्त ढोसली असेल. पुढच्या सोमवारी परत तेच, आणि एकट्या ह्यांचं नाही, मागच्या दारी बसणाऱ्या सगळ्यांचं. कोणी म्हणालं उन्हाळा कडक आहे, कोणी म्हणालं झाडाला दृष्ट लागली. एकाने तर झाडाखाली नारळ फोडला. काशीरामने मिशीला पीळ देणं सोडलं. मग केंद्रावरून नीरासुद्धा आंबट म्हणून परत यायला लागली, तेव्हा त्याचं तोंड उतरलं.

मी विहिरीवर गेले आणि जानकी काय करते ते पाहिलं. बिचारी म्हातारी, तिच्याने घासवत नव्हतं. गार पाण्याने खळबळून ओली मडकी तशीच एकात एक रचायची. आणि उरलेली ताडी झाकून ठेवायची, उद्याच्यात घालायला. मला म्हणाली, "ती उरलेली ताडी मोरयेत ओती, मगे घरात लक्ष्मी रवतली कशी?" मी एक मडकं उचलून नाकाशी धरलं. मला काही मालनसारखं नाक नाही, तरी तो आंबूस भपकारा मलाही कळला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे हसले. ताडी झाडावर होते गं, विहिरीवर नाही, म्हणाले. मला असा संताप आला. शनिवारी मी मालनची ती दोन मडकी फडताळातून काढली, आंब्यांचं मी अजून मनावर घेतलंच नव्हतं, आणि काशीरामच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, संध्याकाळी ही दोन बांध आणि उद्या फक्त ह्यांतलीच वाढ. त्याने ऐकलं. ऐकण्यावाचून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

सोमवारी आमचे हे उठले, आंघोळ केली, चहा मागितला आणि डबा घेऊन चालू लागले. दारातून मागे वळून माझ्याकडे बघितलं, पण तुझं खरं होतं असं काही म्हणाले नाहीत. पुरुष माणूस, बोलणार कसा?

काशीराम मात्र दुपारी आमच्या ओटीवर येऊन बसला, हातात मालनचं मडकं. ते आतबाहेर फिरवून बघत होता. म्हणाला, वैनी, ती ह्याला काय काय करायची? मी त्याला सोडलं नाही. म्हटलं, सात वर्षं तुझ्या दाराशी बसून करत होती रे, तू वर बघत होतास. पुढचे काही दिवस मी त्याला विहिरीवर पाहिला, राख घेऊन घासताना. बोटं सोलून घेतली, दोन मडकी फोडली, पण सोमवारचं डोकं धरणं काही थांबलं नाही.

शेवटच्या बोटींचे दिवस आले. जानकीने त्याची ट्रंक भरली. काडीमोडीला साक्षीला माणूस हवा म्हणून आमच्या ह्यांना बरोबर घेतलं. काशीराम काय करणार ते आईलाही ठाऊक नव्हतं, ह्यांनाही नाही. मला वाटतं, भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढेपर्यंत त्याला स्वतःलाही नसावं. मी मात्र इथे देवापुढे बसून राहिले. बाई माणसाला हाकलायला केवढंसं लागतं, आणि मालनला तर माहेरी भावजयीच्या हाताखालीच आयुष्य काढावं लागलं असतं.

पुढचं मला ह्यांनी सांगितलं आणि नंतर मालनने. मालवणच्या बंदरावरून हे दोघे थेट धोंडूच्या घरी गेले. मालन अंगणात होती. तिने पाणी आणून दिलं, गूळ दिला आणि खांबाला टेकून उभी राहिली. काशीरामने खाली मान घालून सगळं सांगितलं. नीरा परत येते, ताडी डोकं धरते, माणसं तुटली, मला काही ते जमत नाही. मालनने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मडकी धुवक माणूस होयो म्हणान इलास, की माका न्हेवक इलास?"

आमचे हे म्हणायचे, मी उत्तर देणार होतो, पण धोंडूने माझा हात दाबला. धोंडूही भंडारीच, त्याची मडकी अंगणाच्या कडेला पडलेली होती, धुवायची. काशीराम उठला, डोक्याची टोपी काढून खांबाला अडकवली, चुलीतली राख घेतली आणि विहिरीशी उकिडवा बसला. सासुरवाडीला आलेला जावई सगळ्या वाडीदेखत मडकी घासायला बसला. कुंपणाशी बायका गोळा झाल्या, पोरं फिदीफिदी हसली. धोंडूची बायको मध्ये पडायला गेली, तर मालनने तिला हाताने थांबवलं.

त्याने एक मडकं घासून, विसळून तिच्यापुढे धरलं. तिने नाकाशी नेलं आणि म्हणाली, परत. तो परत बसला. पुन्हा घेऊन आला. पुन्हा, परत. इथे ह्यांच्या आणि मालनच्या सांगण्यात फरक आहे. ह्यांच्या मते मडकं दुसऱ्या खेपेलाच लख्ख झालं होतं. मालनच्या मते ते शेवटपर्यंत झालं नाही, पण उन्हं उतरायला लागली होती आणि त्याच्या बोटांतून रक्त यायला लागलं होतं. तिने ते मडकं घेतलं, कुंपणाच्या खुंटावर पालथं घातलं आणि आत जाऊन आपलं बोचकं बांधलं.

साकीनाक्याला परत येऊन ती दाराशी उभी राहिली तेव्हा जानकीने तोंड फिरवलं. पण त्या रविवारी उरलेली ताडी मोरीत गेली तेव्हा म्हातारीने लक्ष्मीचं नाव काढलं नाही. मालनला मूल झालं नाही ते नाहीच. पुढे कोणी विचारायचंही सोडून दिलं. रोज सकाळी विहिरीवर तो घासायचा आणि ती पाटावर बसून वास घ्यायची. परत, परत, असं चालायचं. जाणारे-येणारे त्याला चिडवायचे आणि तोही हसायचा. मान वर करून चालायची त्याची सवय मात्र मोडली. सोमवारी नाक्यावर पुन्हा पुरुष उठून कामाला जायला लागले आणि मी पुन्हा कटकट करायला मोकळी झाले. काय दिवस होते ते. पैसा नव्हता, नळ नव्हता, पण सकाळी डोळा उघडला की कुंपणावर पालथी मडकी आणि वर ताडाची पानं दिसायची. अजून मला ती सकाळ हवीशी वाटते.

मग झाडं गेली. कारखाने आले, भिंती आल्या, विहीर बुजवली. जिथे चढायचा तिथल्याच एका कारखान्याच्या फाटकावर काशीराम वॉचमन झाला. जानकी गेली, आमचे हे गेले आणि एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन मालनही गेली. काशीराम एकटा राहिला. एक मडकं त्याने ठेवलं होतं. ताडी नाही, नीरा नाही, त्यात काही म्हणजे काही नसायचं. तरी रोज सकाळी तो चाळीच्या नळावर बसून ते राखेने घासायचा, विसळायचा, आणि पाणी निथळत असताना माझ्या दारात येऊन उभा राहायचा. म्हणायचा, "वैनी, जरा वास बघ गे."

मी नाकाशी धरायचे. कसला वास येणार? नुसती ओली माती. पण तो माझ्या तोंडाकडे बघत उभा असायचा. मी म्हणायचे, परत. मग तो मडकं छातीशी धरून नळाकडे जायचा.